ब च्या पोटातली रेघ

लग्नाची पत्रिका ही वाचण्यासाठी नसते, हे मला आमच्या कन्येने परवा-परवाच सांगितलं. साठी जवळ येईपर्यंत मी अशा समजुतीत होतो की, माणसं पत्रिका वाचतात आणि तीत दिलेल्या वेळी, दिलेल्या ठिकाणी जेवायला येतात. तसं नसतं म्हणे. पत्रिका ‘बघायची’ असते. ती हातात धरली की माणसाला ‘फील’ यावा लागतो. कन्येने संगणकाच्या पडद्यावर स्वतःच्या लग्नाची पत्रिका दाखवली तेव्हा मलाही एक फील आला. पण तो चष्म्याचा नंबर वाढल्याचा होता.

आमची कन्या पुण्याला एका कचेरीत काम करते. डबे, बाटल्या, पुडे आणि खोकी यांच्यावर कुठली अक्षरं असावीत हे ती ठरवते आणि या गोष्टीचे तिला पैसे मिळतात. आमचे वडील, म्हणजे अण्णा, घोडेगावच्या शाळेत संस्कृत शिकवायचे. त्यांनी जन्मभर पोरांच्या अक्षरावर मेहनत घेतली. त्यांना त्याबद्दल पोरांचे शिव्याशाप तेवढे मिळाले. एकाच घराण्यात एका पिढीच्या अंतराने एवढी प्रगती!

पडद्यावर वधूवरांची नावं होती. उभ्या रेघा तालमीतून नुकत्याच आलेल्या पैलवानासारख्या जाड आणि आडव्या-तिरक्या रेघा निर्जळी एकादशी केलेल्या आजीबाईसारख्या बारीक. इतक्या बारीक की आहेत असं समजून पुढे जायचं. दिसायला सुंदर, हे मान्य केलंच पाहिजे. पैठणीच्या दुकानात शिरताना आपोआप चपला बाहेर काढाव्याशा वाटतात तशी ती अक्षरं होती.

“याला हाय कॉन्ट्रास्ट म्हणतात बाबा,” कन्या म्हणाली. “मूळ कल्पना बोडोनीची.”

स्वयंपाकघरातून आमची ही ताबडतोब म्हणाली, “बोडण लग्नानंतर भरतात. आधी नाही.”

मग कन्येने आम्हा दोघांना समोर बसवून शिकवणी घेतली. जामबातिस्ता बोडोनी हा इटलीतल्या पार्मा गावचा मुद्रक. जन्म १७४०, मृत्यू १८१३. तिथल्या ड्यूकचा छापखाना तो सांभाळायचा. त्याने आणि पॅरिसच्या दिदो घराण्याने अक्षराची जाड रेघ आणखी जाड केली, बारीक रेघ केसाएवढी केली आणि अक्षराच्या टोकाला जी आडवी टाच असते, जिला सेरिफ म्हणतात, ती तर पात्याच्या धारेसारखी करून टाकली. आजही परदेशातल्या कपड्यालत्त्यांच्या भपकेदार मासिकांची नावं, ‘व्होग’, ‘हार्पर्स बझार’ वगैरे, त्याच वळणाची. अत्तराच्या बाटलीवर हीच अक्षरं. भाव जितका जास्त तितकी रेघ बारीक, असा काहीतरी हिशेब असावा. बोडोनी वारल्यावर पाच वर्षांनी, १८१८ साली, त्याच्या बायकोने त्याच्या सगळ्या टंकांचा दोन खंडांचा ग्रंथ छापून काढला.

“मी नाही हो काही छापणार,” माझ्या टेबलावरच्या कागदांकडे बघत ही म्हणाली.

“पण हे इंग्रजीचं झालं,” मी म्हणालो. “आपल्या अक्षराला टाच कुठे असते?”

खरंच आहे. इंग्रजी अक्षर पायात बूट घालून जमिनीवर उभं राहतं. आपलं अक्षर डोक्यावरच्या रेघेला धरून लोंबकळतं. बोडोनीचा नियम जसाच्या तसा मराठीला लावला तर उभा काना होतो खांबाएवढा आणि शिरोरेषा होते सुतळीच्या धाग्याएवढी. म्हणजे वाळत घातलेल्या घोंगड्यांच्या ओझ्याने दोरी आता तुटते की मग तुटते अशी अवस्था. कन्या म्हणाली की, त्यालाही लोकांनी तोडगे काढलेत. हल्ली मराठीत असे पुष्कळ टंक निघालेत. आमच्या हिने विचारलं, तो संगणकावर असतो तो ‘मंगल’ का नको? नावच किती छान आहे. ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशी या फार मोठ्या अक्षरकाराच्या हातचा आहे, हे कन्येने आदराने सांगितलं आणि तेवढ्याच आदराने तो बाजूला ठेवला. पुष्कळशी सरकारी पत्रं त्यात येतात. पत्रिका हातात पडल्यावर पाहुण्याला घरपट्टीची आठवण व्हायला नको.

“सगळं छान आहे,” मी म्हणालो. “फक्त ब तेवढा मोठा करून दाखव.”

“कुठला ब?”

“बेल्ह्यातला.”

लग्न बेल्ह्याला होतं. माझी थोरली बहीण, ताई, तिथे दिलेली. नवरामुलगा नगरकडचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा; आम्ही जुन्नरचे; बेल्हे कल्याण-नगर रस्त्यावर दोघांच्या मध्ये. ताईने कार्यालयही ठरवून टाकलं होतं. कन्येने ब मोठा केला. पोटात एक तिरकी रेघ होती. पण कोळिष्टकाचा तंतू असावा तशी. मग तिने मूळ मापात आणला. रेघ गेली. पडद्यावर स्वच्छ, देखणं, सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: वेल्हे.

मी उठलो आणि कपाटातून एक जुनी पत्रिका काढली.

आता थोडं मागं जायला हवं. १९८२ सालचा वैशाख. ताईचं लग्न ठरलं होतं. आमचे अण्णा तसे सर्व बाबतींत काटकसरी. पण छपाईच्या बाबतीत त्यांचा हात सैल सुटायचा. त्यांचं सगळं शिक्षण निर्णयसागर छापखान्याच्या पोथ्यांवर झालेलं. कालिदासाचं नाव घेताना ते नुसती मान हलवत. निर्णयसागरचं नाव घेताना पुस्तक कपाळाला लावत. निर्णयसागर म्हणजे जावजी दादाजी चौधरी. जन्म १८३९. घरची गरिबी म्हणून हा मुलगा मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागला आणि तिथे अक्षरांच्या नादी लागला. १८६४ साली त्याने खिळे पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला, १८६९ साली छापखाना. राणोजी रावजी आरू नावाचा कसबी माणूस ठसे कोरायला. पोलादाच्या दांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा. इंग्रजीचं काम सोपं; आपल्याकडे काना-मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून काहीशे खिळे लागतात. एकेक ‘क्ष्म’ म्हणजे एकेक देऊळ बांधण्यासारखं काम. १८८६ पासून त्यांनी ‘काव्यमाला’ काढली आणि संस्कृत ग्रंथ असा छापला की, अण्णांच्या मते, काही कवी छापले जाण्यासाठीच जन्माला आले असावेत.

आणि या अक्षरांचं सौंदर्य कशात? तर जाड-बारकात. बोडोनीचं नावही अण्णांना ठाऊक नव्हतं. पण ते आम्हाला बोरू छाटून द्यायचे. बोरूचं टोक तिरपं छाटायचं. सगळी जीभ कागदावर टेकली की रेघ जाड, नुसत्या धारेवर सरकली की बारीक. आपल्या बोरूची जीभ इंग्रजी टाकाच्या उलट अंगाला छाटलेली असते. म्हणून त्यांची रेघ जिथे बारीक होते तिथे आपली जाड होते. “हा त्यांच्यात आणि आपल्यात मूलभूत फरक आहे,” असं अण्णा म्हणायचे तेव्हा त्यांना केवळ अक्षरच म्हणायचं असे की काय, सांगता येत नाही. डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारी रेघ आपल्याकडे सगळ्यांत बारीक. नेमकी तीच ब च्या पोटात असते, आणि ष च्याही. ती आहे तोवर ब हा ब आहे. ती गेली की ब चा व आणि ष चा प. उषाची उपा होते आणि बाईंची वाई होते. आमच्या बाबतीत वाईचाही संबंध पुढे येणार आहे.

बारीक रेघेला कागदही गुळगुळीत लागतो. जुन्नरला पूर्वी हातकागद व्हायचा. जुन्नरी कागदाला पेशव्यांच्या दप्तरात मान होता. खळ लावून, दगडाने घोटून घोटून तो असा चकचकीत करायचे की बोरू नुसता घसरावा. बारीक रेघेची हौस कागदाच्या जिवावर असते. नाहीतर मग आमच्या नाणेघाटातल्या त्या सातवाहन राणीच्या, नागनिकेच्या, लेखासारखं करावं: छिन्नी घेऊन दगडात सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या खोदून टाकाव्यात. दोन हजार वर्षं झाली, ऊन-पाऊस खाऊन निम्मा लेख झिजला. पण केवळ रेघ बारीक होती म्हणून एकही अक्षर गेलेलं नाही.

तर अण्णा पत्रिका घेऊन मंचरच्या एका छापखान्यात गेले. सोबत मी. वय वर्षं सतरा, काम पिशवी धरणं. छापखान्याचा मुख्य धंदा कांदा-बटाट्याच्या आडत्यांची बिलबुकं आणि नारायणगावच्या तमाशाच्या जाहिराती. तमाशासाठी लाकडी ठसे होते, वीतभर उंचीचे. त्या ठशांत विठाबाई नारायणगावकरांचं नाव छापलं की, यस्टीच्या टपावरूनसुद्धा वाचता यायचं. छापखानेवाले मोठे उमदे गृहस्थ. ते अण्णांना म्हणाले, “मास्तर, गावाचं नाव या ठशात घेऊ. जाड आहे. आंधळ्यालासुद्धा दिसंल.”

“लग्न आहे,” अण्णा म्हणाले, “तमाशाची बारी नव्हे. तुमच्याकडे निर्णयसागरी वळणाचे खिळे आहेत का?”

होते. एका केसमध्ये, धुळीखाली. कुणीतरी मुंबईहून आणलेले आणि कितीतरी वर्षं सत्यनारायणाच्या आमंत्रणांत झिजलेले. शिशाचा खिळा झिजायला लागला की आधी काय जातं? बारीक रेघ. पैलवान शाबूत राहतो, आजीबाई जातात. शिवाय ट्रेडल मशीनवर शाईचं गणित असतं. शाई जास्त झाली तर अक्षरांची पोटं भरतात. कमी झाली तर बारीक रेघेपर्यंत शाई पोचतच नाही. हे सगळं मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी मी पिशवी धरून उभा होतो.

चार दिवसांनी प्रूफ आलं. अण्णांनी ते तीनदा वाचलं. ह्रस्व-दीर्घ तपासलं, ‘आशीर्वाद’मधला शी दीर्घ असल्याची खात्री केली. मग त्यांचं लक्ष पत्त्याच्या ओळीवर गेलं. ‘बेल्हे, ता. जुन्नर, जि. पुणे’ आणि पुढे पिनकोड.

“ही ओळ डोळ्याला टोचते,” ते म्हणाले. “चांगल्या छपाईला मोकळी जागा लागते.” आणि त्यांनी लाल पेन्सिलीने ‘ता. जुन्नर’ आणि पिनकोड दोन्ही काढून टाकले.

“अहो, तालुका असू द्या,” आई म्हणाली.

“कशाला? बेल्ह्याचा बैलबाजार अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे.”

“माझ्या भावाला बैल घ्यायचे नाहीत.”

अण्णांनी ऐकलं नाही. आईचा भाऊ, म्हणजे आमचे मामा, वाईला टपाल कचेरीत होते. टपाल खात्यातल्या माणसाला पत्ता सांगावा लागत नाही, असं अण्णांचं मत होतं. मामांचंही होतं, हेच पुढे नडलं.

पुणे जिल्ह्यात दोन गावं आहेत. एक बेल्हे, जुन्नर तालुक्यात, जिल्ह्याच्या ईशान्य टोकाकडे. दुसरं वेल्हे, तोरणा किल्ल्याच्या पायथ्याला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या अंगाला. त्या तालुक्याला ‘राजगड’ नाव द्यायला मंत्रिमंडळाने २०२४ साली मंजुरी दिली. फार चांगलं केलं. पण आमच्या दृष्टीने बेचाळीस वर्षं उशीर झाला. १९८२ साली दोन्ही गावांत अंतर होतं पुण्यावरून दिवसभराच्या यस्टी प्रवासाचं आणि ब च्या पोटातल्या एका रेघेचं.

मामांना आदल्या दिवशीची रजा मिळाली नाही. पत्र आलं: ‘लग्नाच्या दिवशी सकाळीच थेट मांडवात पोचतो. काळजी नसावी.’ आपल्याकडे मुलीला अंतरपाटापाशी आणतो मामा. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. बारा वाजले, सव्वाबारा झाले, मामा नाहीत. अण्णा रस्त्याकडे बघतायत, आई अण्णांकडे बघतेय. ताई आत गौरीहराशी बसून होती, ती दर दोन मिनिटांनी विचारायची, “मामा आला?” लहानपणी ताई आजोळीच वाढलेली. मामाने तिला खांद्यावर बसवून गणपतीच्या घाटावर फिरवलेलं. तिला दुसरा कुठला मामा चालणार नव्हता आणि पहिला येत नव्हता. भटजी घड्याळ दाखवायला लागले. शेवटी जमलेल्या मंडळींतून एक गृहस्थ पुढे झाले आणि म्हणाले, “मास्तर, मी उभा राहतो.” हे गृहस्थ म्हणजे आमचे छापखानेवाले. काय झालंय हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी ताईचा हात धरला आणि तिला बोहल्याकडे आणलं. ताई रडत होती. मुली लग्नात रडतातच, असं समजून लोकांनी अक्षता टाकल्या.

त्याच सुमारास आमचे मामा कुठे होते? ते वाईहून पहाटेच्या गाडीने निघून, नसरापूर फाट्यावर उतरून, दुसरी गाडी धरून साडेदहालाच वेल्ह्याला पोचले होते. गावात लग्न होतं. वैशाखात कुठल्या गावात नसतं? मांडवात त्यांचं अत्तर-गुलाबाने स्वागत झालं. कुणी पंखा दिला, कुणी सरबत दिलं. ओळखीचं कुणी दिसेना. पण वरपक्षाच्या गावी ओळखीचं कोण दिसणार? आपली मंडळी आत असतील. मुलीकडची माणसं लग्नाच्या दिवशी बाहेर दिसतच नाहीत, हा त्यांचा अनुभव. ते खुर्चीवर बसून राहिले. जेव्हा बोलावतील तेव्हा उठू.

बोलावणं काही आलं नाही. मंगलाष्टकांची वेळ झाली, अंतरपाट धरला गेला आणि आतून मुंडावळ्या बांधलेली, मान खाली घातलेली मुलगी आली. तिचा हात एका धिप्पाड, मिशाळ माणसाने धरला होता.

मामा ताडकन उठले. “थांबा!” ते ओरडले.

सगळा मांडव गार. लग्नात कुणी ‘थांबा’ म्हटलं की त्याचा जो अर्थ होतो तोच सगळ्यांनी घेतला. नवऱ्यामुलाच्या चुलत्यांनी बाह्या सरसावल्या. “मुलीचा मामा मी आहे!” आमचे मामा गरजले. “हा कोण?” मुलीने मान वर केली. मग मामांनी तिचा चेहरा पाहिला.

हा प्रसंग मामा पुढे कितीतरी वेळा सांगत. प्रत्येक खेपेला चुलत्यांची संख्या वाढे. पण शेवट मात्र बदलत नसे. त्यांनी खिशातून पत्रिका काढून दाखवली, ती हातोहात फिरली, कुणीतरी ‘हे जुन्नरकडचं बेल्हं असंल’ म्हणालं आणि हशा पिकला. तो मिशाळ मामा पुढे आला. म्हणाला, “पाव्हणं, आता कुठं निघता? मूर्त गेला तिकडचा. या, हिकडनं धरा.” आणि वेल्ह्याच्या त्या मुलीला दोन मामांनी मिळून बोहल्यावर उभं केलं. आमच्या मामांनी तिच्या हातावर अकरा रुपये ठेवले. त्या मुलीला दोन मामा मिळाले आणि आमच्या ताईला एकही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा बेल्ह्यात उगवले. अण्णा आणि मी मागचं आवरायला तिथेच थांबलो होतो. मामांनी हातातली पिशवी खाली ठेवली. तीत ताईसाठी आणलेली साडी होती. पत्रिका काढून अण्णांच्या पुढे धरली. “मास्तर, वाचा.”

अण्णांनी वाचलं, “बेल्हे.”

“वाचा,” मामा म्हणाले. “आठवू नका.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. पत्रिका उन्हात नेली. मग ते काही बोलले नाहीत. ध चा मा आनंदीबाईने केला असं म्हणतात; तिने निदान लेखणी तरी हातात घेतली होती. आमच्या ब चा व कुणी काहीही न करता झाला होता. अक्षरांनी आमच्या मामाला मामा बनवलं होतं आणि प्रूफावर सही अण्णांची होती.

मामांचा राग एकाच गोष्टीवर होता. “पिनकोड का काढलात? १९७२ पासून सरकार ओरडतंय, पिनकोड घाला, पिनकोड घाला!” ज्या आंबेगावाच्या नावाने आमचा तालुका ओळखला जातो ते गावच पुढे डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तालुका घोडेगावात बसून कारभार करतोय, तेव्हा नाव एकीकडे नि गाव दुसरीकडे, यात आमच्या भागात कुणी फारसं दचकत नाही. पण मामा टपाल खात्यातले. चुकीच्या जागी पोचलेलं पत्र त्यांनी जन्मभर परत पाठवलं होतं. स्वतःच चुकीच्या जागी पोचायची त्यांची ही पहिलीच वेळ.

“पण अक्काचं पत्र आलं होतं ना?” मी मध्येच तोंड घातलं. “त्यात आईने लिहिलं होतं बेल्हे म्हणून.”

“तुझ्या आईच्या अक्षरात,” मामा म्हणाले, “ब आणि व यात मी आजवर फरक पाहिलेला नाही. बिगारीत असल्यापासून.”

ताई आली. तिने मामांना नमस्कार केला आणि नुसतीच उभी राहिली. मामांनी पिशवीतली साडी दिली. “लोक फार चांगले होते ग तिकडचे,” ते म्हणाले, आणि मग त्यांनाच बोलता येईना.

घोडेगावला परत आल्यावर रात्री अण्णा दिवाणखान्यात दिवा लावून बसले. उरलेल्या पत्रिका होत्या साठ-सत्तर. लग्न झालेलं, त्या पत्रिका आता बंब पेटवायच्या कामाच्या. अण्णा आपलं तिरप्या निबाचं पेन घेऊन एकेक पत्रिका पुढे ओढत होते आणि एकेक ब च्या पोटात रेघ काढत होते. ‘बेल्हे’मध्ये. ‘बुधवार’मध्ये. कुठे ‘कृपाभिलाषी’च्या ष मध्ये. मी विचारलं, “अण्णा, आता कशाला?” ते म्हणाले, “चूक राहिलेली बरी नाही दिसत.” दोन वाजेपर्यंत ते बसले होते. छापखानेवाल्यांना ते यातलं एक अक्षरही बोलले नाहीत; बिल पूर्ण दिलं. ताई त्या छापखानेवाल्यांना पुढे मामाच म्हणायला लागली आणि दर दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचा डबा जायचा. खऱ्या मामांना हे फारसं आवडायचं नाही.

ती साठ-सत्तरांपैकी एक पत्रिका मी कन्येपुढे ठेवली. तिने ती भिंगाखाली धरली. आमची गोष्ट तिने हजारदा ऐकलेली. पण ते कागदावर पाहिलेलं नव्हतं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आजोबांनी रेघ कोन बरोबर धरून काढलीये. छापल्यासारखी.”

दुसऱ्या दिवशी तिने पत्रिकेतली गावाच्या नावाची ओळ बदलली. वधूवरांची नावं तशीच, पैलवान आणि आजीबाई, कारण मोठ्या मापात ती रेघ दिसते; बोडोनीनेसुद्धा हे खेळ मोठ्या अक्षरांतच मनसोक्त केले आहेत, बारीक मजकुराला ते वळण मानवत नाही, असं तिनेच मला सांगितलं. पत्ता मात्र साध्या, सगळ्या रेघा नीट दिसणाऱ्या टंकात घेतला. ‘ता. जुन्नर’ घातलं. पिनकोड घातला. खाली एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र छापलं. त्याच्यावर मोबाईल धरला की रस्ता दिसतो. मी पुण्याला जाऊन स्वतः प्रूफ पाहिलं. भिंग घेऊन. एकूणएक ब मोजले. सगळ्यांच्या पोटात रेघ होती. सही करताना माझा हात किंचित कापला, हे कबूल करायला हरकत नाही.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवली, दुसरी वाईला मामांना पाठवली. टपालाने, दुसऱ्या कुठल्या मार्गाने पाठवलेलं ते घेत नाहीत. मामा आता नव्वदीला टेकलेत. चार दिवसांनी फोन आला.

“पत्रिका पोचली. ब दिसतोय.”

“हो ना?” मी म्हणालो.

“पिनकोडही आहे. बरोबर आहे, मी पडताळून पाहिला.”

“वा!”

“छपाई उत्तम. मोकळी जागाही पुष्कळ आहे.” मामा जरा थांबले. “फक्त माझं नाव कुठं दिसत नाही.”

मी पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली. आशीर्वाद देणाऱ्या वडीलधाऱ्यांची जी यादी असते, आजोबा-आजी, काका-काकू, मामा-मामी, ती अख्खी यादीच नव्हती. मी कन्येला हाक मारली. ती म्हणाली, “बाबा, ती ओळ डोळ्याला टोचत होती.”

पत्रिका तीनशे छापल्या होत्या. त्या रात्री मी जेवण झाल्यावर दिवाणखान्यात दिवा लावला, अण्णांचं तिरप्या निबाचं पेन शोधून काढलं आणि शाई भरली. थोड्या वेळाने कन्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, “निम्म्या माझ्याकडे द्या. आणि पेन असं नाही, असं धरा.”